कोवारबाईंची मोजणी

बाकीच्या बायका वय चोरतात, अर्डिस कोवार वाढवून सांगायची. त्रेसष्ट नुकतं पुरं झालं होतं, तरी कोणी विचारलं की "पासष्टीला आलेच म्हणा की" असं मोठ्या आनंदानं सांगायची. पासष्टाव्या वर्षी सरकार दवाखान्याचा खर्च उचलतं, हे आमच्या आयोवात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. त्याआधी आजारी पडायची हौस असेल तर विमा हवा, आणि विमा हवा तर नोकरी हवी. म्हणून अर्डिस तीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवत होती आणि तास पुरे भरावेत म्हणून दुपारी शाळेच्याच स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत होती. पगार आपला नावाला. नोकरी होती ती विम्याच्या कार्डासाठी, आणि कार्ड होतं ते लायलच्या छातीसाठी.

लायल तिचा नवरा. मका आणि डुकरं हा त्याचा धंदा, आणि मरेन पण कोणाच्या हाताखाली राबणार नाही हा त्याचा बाणा. पन्नाशीतच त्याच्या हृदयात स्टेंटच्या दोन जाळ्या बसवाव्या लागल्या होत्या, त्यामुळे त्याला विम्याविना एक दिवस ठेवायची सोय नव्हती. त्यात तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लग्नात तिला या गोष्टीचं कोण कौतुक होतं! आता तेच अंगाशी आलं. तिची पासष्टी झाली तरी त्याची व्हायला आणखी चार वर्षं, आणि तोवर बस काही सुटत नव्हती.

"कोवळा नवरा केलास ना? भोग आता," तिची बहीण फोनवर म्हणायची आणि दोघी खिदळायच्या.

त्या हिवाळ्यात मात्र ते खिदळणं कमी झालं. ब्रेक दाबताना अर्डिसचा उजवा गुडघा कळ द्यायला लागला होता. पहाटेचा अंधार, रस्त्यावर बर्फ, मागे लोकांची पोरं. एखाद्या दिवशी पाय उशिरा पडला तर? ही भीती तिनं कोणाला बोलून दाखवली नव्हती, लायललाही नाही. आपल्याविषयी काही सांगायची तिला सवयच नव्हती. घरी पाहुणे आले की टेबलावर नेमकं एक ताट कमी मांडलेलं असायचं आणि ही ओट्याशी उभी राहून जेवायची.

अशात सिनेटर ऑस्टरमनबाई राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. माणूस जन्मला की त्याच्या औषधपाण्याचं सरकार बघेल, नोकरी असो वा नसो, असं त्या बोलत सुटल्या. अर्डिसनं दुसऱ्याच दिवशी अंगणात त्यांच्या नावाची पाटी रोवली. तिसऱ्या दिवशी लायलनं शेजारीच, त्यांच्याच पक्षातून उभ्या राहिलेल्या गव्हर्नर पिकेटची पाटी ठोकली, हातभर मोठी.

"ज्या सरकारला वेळेवर रस्त्यावरचा बर्फ काढता येत नाही, ते माझं पोट कापणार?" लायल न्याहारीला म्हणाला.

"आणि मक्याचं अनुदान कोण पाठवतं तुला? देवदूत?"

"ते वेगळं."

"वेगळं कसलं? तुझ्या मक्याला सरकार चालतं, माझ्या गुडघ्याला चालत नाही!"

"का? गुडघ्याला काय झालंय?" लायलनं मान वर केली.

"काही नाही. अंडी खा."

फेब्रुवारीत कॉकसची, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेची, संध्याकाळ आली. आमच्याकडे या दिवशी पसंती पेटीत टाकायची नसते, सगळ्यांदेखत पायांनी सांगायची असते. शाळेच्या जेवणघरात सारं गाव जमतं, एकेका उमेदवाराला एकेक कोपरा मिळतो, आणि ज्याला जो पटेल त्यानं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. हजर माणसांच्या पंधरा टक्के तरी कोपऱ्यात हवीत, नाहीतर तो कोपरा मोडायचा आणि तिथल्या लोकांनी दुसऱ्याच्या दारात जायचं. यात नवरा-बायकोची ताटातूट होते, शेजारी शेजाऱ्याला टोमणे मारतो. मला विचाराल तर वर्षातली याच्याइतकी झकास करमणूक दुसरी नाही.

अर्डिस ऑस्टरमनबाईंच्या कोपऱ्याची म्होरकी होती. खसखशीचं सारण भरलेले कोलाच, म्हणजे आमच्याकडचे हातानं खायचे गोड पाव, घेऊन ती कुंपणावरच्या लोकांना गाठत होती. अर्ध्या गावाला तिनं बसमधून शाळेत पोचवलं होतं, कोण कुठल्या वळणावर ओकायचा हेही तिला पाठ होतं, त्यामुळे तिला तोंडावर नाही म्हणणं सोपं नव्हतं. लायल समोरच्या, पिकेटच्या भरगच्च कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता.

"ऑस्टरमनबाई काटा-चमच्यानं कोलाच खातात, मी पाहिलंय!" तो ओरडला. "असल्या बाईच्या हाती देश देणार?"

"तुझ्या पिकेटला काय येतं? केस विंचरायला!"

"त्यानं राज्याचा कारभार चोख चालवलाय. आणि ज्यांना आपला विमा आवडतो त्यांचा तो काढून घेणार नाही."

"आवडतो?" अर्डिस कमरेवर हात ठेवून वळली. "अरे, विमा काय पाळलेला कुत्रा आहे आवडायला? मी सोडला तर तुझा जातो, म्हणून धरून ठेवलाय मी."

जेवणघर हसलं. लायलही हसला, पण जरा उशिरानं.

मग अध्यक्ष रॉली बेंडानं टेबलावर वाढायचा डाव आपटून मोजणी पुकारली. रॉलीचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि लहानपणी तोही याच बसमधला. अर्डिसनं आपल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, बसच्या आरशात बघून मोजायची तस्संच, ओठांतल्या ओठांत. एक माणूस कमी पडत होतं. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी.

"कोवारबाई, तुमच्या मोजणीवर मी काय शंका घेणार?" रॉली अवघडून म्हणाला. "पण मग कोपरा मोडावा लागेल."

पिकेटवाले लगेच सरकून जागा करायला लागले. "या, या, आमच्यात या!" अर्डिस हातातलं रिकामं ताट धरून उभी राहिली. एका माणसानं काही देश बदलणार नव्हता, हे तिला कळत होतं. तरी डोळ्यांपुढे बसचं स्टिअरिंग दिसलं आणि पुढचे सगळे हिवाळे.

"रॉली, थांब!"

आवाज समोरच्या कोपऱ्यातून आला. लायल पुढे आला होता.

"अगं अर्डिस, तू स्वतःला मोजलंस का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग बोटाकडे. बसमध्ये मोजायची असतात ती मागची डोकी. चालवणारी बाई त्यात कधी धरायची नसते.

"अगंबाई!" ती म्हणाली आणि बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. कोपरा नेमका भरला. असा हशा उसळला की रॉलीचा डाव कोणाला ऐकू जाईना.

"गाढवा, गप्प बसला असतास तर ती सगळी माणसं आपल्याला मिळाली असती," लायलच्या शेजारचा चिडून म्हणाला.

"मिळाली असती," लायल म्हणाला. पण तो हसत नव्हता. तो बायकोकडे बघत होता, आणि ती गाडीत बसताना पायरीवर उजवा पाय कसा हळूच टाकते, हेही त्यानं त्या रात्री पाहिलं.

 घराच्या दारात गाडी थांबवून लायल म्हणाला, "सहकारी धान्यकोठीत वजनकाट्यावर माणूस हवाय. विमा देतात. दोघांचा."

"तू? दुसऱ्याच्या हाताखाली?"

"डुकरं सकाळ-संध्याकाळ बघेन. तू जूनमध्ये बस सोड."

 अर्डिसनं त्याच्या जाड हातमोज्यावर हात ठेवला आणि रडली, आणि रडताना हसली. "आणि पिकेट?"

"पिकेट पिकेटच्या जागी," लायल म्हणाला.

जूनमध्ये तिनं बसच्या किल्ल्या दिल्या, त्याच आठवड्यात तो काट्यावर बसला. ऑगस्टच्या अखेरीस शाळा उघडली. पिवळी बस घरावरून गेली तेव्हा अर्डिस स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून, होय, बसून, कोलाच खात होती. लायलला सुट्टी होती. हृदयाची नेहमीची गोळी नव्या विम्यात का बसत नाही, हे विचारायला त्यानं कंपनीला फोन लावला होता. फोनमधून संगीत वाजत होतं. तिची कॉफी संपली तरी वाजत होतं. मग एका मुलीनं त्याचं नाव विचारलं आणि पुन्हा संगीत लावलं.

"बस चालवण्यापेक्षा अवघड आहे नाही?" अर्डिसनं विचारलं.

लायलचे कान लाल झाले होते. त्यानं फोनवर तळहात दाबला आणि हळूच म्हणाला, "काय गं, ती ऑस्टरमनबाई अजून उभी आहे का?"

"ती? ती मार्चमध्येच शर्यत सोडून घरी बसली."

लायलनं संगीत ऐकता ऐकता खिडकीबाहेर पाहिलं. अर्डिसनं त्याच्यापुढे एक कोलाच सरकवला, वर काटा-चमचाही ठेवला.