दादा थांबला तो दिवस

धडगावच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा मी मुलीची वेणी घालत होते. "ताई, सरांच्या छातीत कळ आली... दवाखान्यात नेईपर्यंत..." पुढचं मला ऐकू आलं नाही. माझा थोरला भाऊ, रमेशदादा, तिथल्या संगणक कक्षात शिकवायचा. तो गेला त्याला महिना होत आला. शोक करावा तर आधी माझा अपराधच आठवतो, म्हणून हे लिहायला बसले.

डोंगरात नेटचा भरवसा नाही. दादाने कक्षात एक सर्व्हर बसवला होता. एकदा आणलेलं पान तो साठवून ठेवायचा आणि पुढच्या मुलाला तिथूनच द्यायचा. कोणतं पान किती काळ ताजं समजायचं, हे दादाला ठरवावं लागे. रनाळ्याला, आमच्या घरी, जेवताना तो आईला समजावायचा, "कळण्याची भाकर दुसऱ्या दिवशी चालते, ताक आंबतं. पानांचंही तसंच." धडे महिनाभर राहिले तरी बिघडत नव्हतं. प्रवेशाच्या सूचना मात्र त्याने दोन दिवस ठेवल्या होत्या, नेट गेलं तर पाड्यांवरून पायी आलेल्या मुली रिकाम्या हाताने परतू नयेत म्हणून. रोज सकाळी तो स्वतः जुनं पान काढून नवं आणायचा.

माझ्या मुलीचं बारसं रनाळ्याला झालं. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो निघाला होता. मी हात धरला, "एक दिन ऱ्हाय ना दादा! मामा शेस तू, काय पाव्हना शेस?" त्याने घड्याळ पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "बरं बाई, ऱ्हास मी." दिवसभर भाचीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याला इतका निवांत मी पुन्हा कधी पाहिला नाही.

कारण त्यानंतर तो रनाळ्याला कधी मुक्कामाला राहिलाच नाही. दिवाळी असो, भाऊबीज असो, सकाळी यायचा आणि दुपारच्या गाडीने जायचा. मी रुसायचे, चारचौघांत टोमणे मारायचे. "तुले बहीनपेक्षा ते कॉलेजच मोठं शे!" तो नुसता हसायचा. "तसं नई व बहीन..." याहून जास्त कधी बोलला नाही.

दादा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांत सविता नावाची एक नर्स होती, धडगावच्या वरच्या पाड्यावरची. आईचे पाय दाबत ती सहज सांगू लागली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रं दाखवायची तारीख अचानक अलीकडे आली होती. तिने कॉलेजात पान उघडलं तेव्हा सर्व्हरने साठवलेलं जुनंच पान दिलं. अजून वेळ आहे म्हणून ती घरी गेली आणि तिचं वर्ष गेलं. "सर स्वतः चढून घरी आले. माझ्या बापासमोर हात जोडून म्हणाले, चूक माझी आहे, मी रजेवर होतो. मग वर्षभर दर रविवारी मला शिकवायला आले."

"रजेवर कुठे गेले होते?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"बहिणीच्या मुलीचं बारसं होतं म्हणे. एक दिवस जास्त राहिले." मग माझ्याकडे बघून तिने आईच्या पायांवरचे हात काढून घेतले. म्हणाली, "ताई, त्यांनी तुमचं नाव कधी घेतलं नाही."

तेच तर सोसत नाही. एकदा तरी बोलला असता, तर मी टोमणे गिळले असते... त्याच्यासोबत सविताच्या दारी गेले असते.

परवा त्याचं सामान आणायला धडगावला गेले. कक्षात मुली बसल्या होत्या. मी त्याच्या खुर्चीत बसून धड्याचं पान उघडलं, लगेच आलं. सूचनांचं उघडेना. शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, ते सरांनी साठवायचं बंद केलंय. दर वेळी नवंच येतं. नेट नसलं की थांबावं लागतं."

"थांबते," मी म्हटलं.

खाली उतरणारी शेवटची जीप हॉर्न देत होती. मी उठले नाही.