बर्नीचा कान

मिलवॉकीच्या झाडखात्यात बर्नडीन झिल्के ऊर्फ बर्नीच्या कानाला फार मान. लाकडी हातोडा बुंध्यावर ठोकायचा, आवाज ऐकायचा आणि झाड भरीव की पोकळ ते सांगून मोकळं व्हायचं. एकतीस वर्षं बाईने हेच केलं. पोकळ निघालं की नारिंगी ठिपका, आणि ठिपका पडला की झाड गेलंच समजा. ज्याने ठिपका दिला त्यानेच तो पुसायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा खात्याचा रिवाज. बर्नीने आजवर एकही पुसला नव्हता आणि याची तिला भारी घमेंड!

ओडेल पेटवे यांच्या दारातल्या मेपललाही ठिपका तिचाच. ढप ढप आवाज आला, विषय संपला. गुडघा ठणकत होता म्हणून वर चढून काही पाहिलं नाही. पेटवे चौऱ्याऐंशीचे. गल्लीत सावली काय ती या एकाच झाडाची, आणि जुलैच्या उकाड्यात ते दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसत. झाड गेलं की त्या तापलेल्या घरात त्यांचा टिकाव लागणार नव्हता. मुलगी त्यांना अटलांटाला न्यायला टपलेलीच होती.

तोडायच्या सकाळी बर्नी म्हणाली, "खुर्ची हलवा, मिस्टर पेटवे."

"हलवतो की. पण पोरी, बाहेरून एवढी ठोकतेस, कधी आत डोकावलीस का?"

"अठ्ठावन्न वर्षांची आहे मी. पोरी काय म्हणता?"

"माझ्यापुढे पोरगीच तू."

टोमणा तिला चांगलाच झोंबला. चढायचं काम खरं तिच्या हाताखालच्या डेझचं, पण तिने त्याच्या हातातला दोर हिसकावून घेतला. चाळीस फुटांवर, जुनी फांदी मोडली होती तिथे भगदाड होतं. तिने आत टॉर्च मारली.

पोकळीत काळी माती साचली होती, झाडाच्याच कुजलेल्या गाभ्याची. आणि त्या मातीत झाडाने वरून स्वतःचीच मुळं सोडली होती, मनगटाएवढी जाड! आपलंच मेलेलं लाकूड खाऊन ते जगत होतं. भोवतीची भिंत वीतभर जाड, ओली, ठणठणीत. अख्खा जन्म झाडांवर काढला आणि हे आपल्याला ठाऊकच नव्हतं! देवळात आल्यासारखी ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"बर्नी, करवत पाठवू?" खालून डेझ ओरडला.

"घाल चुलीत ती करवत! रंगाचा डबा काढ, करडा."

खाली येऊन तिने ठिपक्यावर करडा रंग फासला. कागदावर कारण लिहिलं, 'पोकळ खरं, पण जिवंत. कान चुकला.'

"तुझा? आज तारीख काय? लिहून ठेवतो!" डेझ म्हणाला.

वर काय दिसलं ते तिने पेटव्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि मान वर करून झाडाकडे पाहिलं.

"पोटातच मुळं! कमाल आहे," ते म्हणाले. "शहरात अशी आणखी असतील का गं?"

बर्नीने बुंध्यावर हात ठेवला.

"होती," ती म्हणाली. "मीच तोडली."