पांढरी पट्टी

चीनच्या राजधानीत, चांगआनच्या पश्चिमेकडच्या एका पेठेत मियाव झोंग जोडे शिवायचा. बंडखोरांनी राजधानी घेतली, बादशहा पळाला, तरी त्याचा धंदा बसला नाही. बंडखोरांनाही पाय होते. पुढच्या वसंतात त्याची बायको तापाने गेली. रीतीप्रमाणे बाप-लेकाने सुतकाची पांढरी पट्टी डोक्याला बांधली. काम करताना ती डोळ्यांवर घसरते म्हणून झोंगने आपली खुंटीला अडकवली. मुलगा एन मात्र बांधून होता.

चौथ्या महिन्यात बंडखोर मागे हटले आणि सरकारी फौज शहरात शिरली. ओळख पटावी म्हणून त्या शिपायांनी डोक्याला पांढरं बांधलं होतं. लोकांनी रस्त्यात जयजयकार केला. दिवस मावळायच्या आत त्याच फौजेने घरं फोडायला घेतली. झोंगच्या दारात दोघे आले, एनचं डोकं पाहून "आपलाच दिसतोय" म्हणाले आणि पुढच्या घरात घुसले.

"बघ," झोंग म्हणाला, "मेल्यावरही तुझी आई घर राखते."

लुटीने जडावलेल्या त्या फौजेला परत आलेल्या बंडखोरांनी कापून काढलं. मग ते पेठांकडे वळले. शेजारची पाव विकणारी शे काकू भिंतीवरून ओरडली, "अहो मियाव, पोराची पट्टी सोडा! पांढरं दिसलं की कापतायत मेले!"

एनचा हात गाठीकडे गेला. झोंगने त्यावर फटका मारला. "आईला जाऊन महिना नाही झाला. पेठ काय म्हणेल?"

"पेठ उरली तर म्हणेल ना, बाबा!"

"गप्प बस. सुतक त्यांनाही कळतं. त्यांनाही आया आहेत."

तिघे बंडखोर आत आले. एकाच्या पायात झोंगनेच शिवलेले जोडे होते.

"ही पट्टी कसली रे?"

"सुतक आहे, मालक. याची आई गेली."

"मग तुझं डोकं उघडं कसं? बायको तुझी नव्हती?"

झोंगने खुंटीकडे पाहिलं. बाकीचे दोघे हसले. एनला त्याच पट्टीला धरून त्यांनी अंगणात ओढलं.

जाताना झोंगचे जोडे घातलेला उंबऱ्यावर थांबला. "टाच उसवलीय. उद्या येतो."

तो खरंच आला. झोंगने टाच शिवून दिली.

त्या उन्हाळ्यात पेठेत घरोघरी मयत होतं, पण पांढरं कुणाच्याच डोक्यावर नव्हतं. खुंटीवरची पट्टी झोंगने चुलीत घातली.