पानं गळली म्हणून

पन्नासच्या दशकात भांडुपच्या आमच्या घरापासून तासभर चाललं की सरकारी जंगल लागायचं. तिथले ऐनाचे वृक्ष इतके जुने होते की एक खोड दोघांच्या कवेत मावत नसे. पाड्यावरची एक वारली बाई आमच्याकडे रानभाजी विकायला यायची. एका चैत्रात तिने टोपली न उतरवताच सांगितलं की ठेकेदाराची माणसं ऐन तोडतायत.

वडील सरकारी कचेरीत कारकून होते. कागदावर त्यांचा फार विश्वास. रविवारी आम्ही दोघं त्या बाईबरोबर गेलो. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. मुकादमाने हुकूम दाखवला, फक्त वाळलेली झाडं काढावीत असा. वडील म्हणाले, हुकूम ठीक आहे. मला त्यांचाच राग आला.

तेवढ्यात समोरच्या ऐनावर घाव बसले आणि खोडातून पाणी वाहू लागलं. ऐनाचं झाड उन्हाळ्यासाठी पोटात पाणी साठवतं. बाईने ओंजळ धरली, ती पाणी प्यायली आणि मुकादमाला म्हणाली, "पानं गळली म्हंजे झाड मेला काय?"

मुकादमाचं म्हणणं, तोडायच्या झाडांवर खुणा जंगल खात्याच्या साहेबांनी केल्यात. साहेब फाल्गुनात येऊन गेले होते. ज्या झाडावर पान दिसलं नाही ते त्यांनी मेलेलं धरलं होतं.

वडील खूण केलेल्या पुढच्या ऐनाला पाठ लावून उभे राहिले. "हे वाळलेलं नाही. हुकुमात बसत नाही," एवढंच ते म्हणत होते. शेजारच्या झाडाशी बाई उभी राहिली, पलीकडे मी. संध्याकाळपर्यंत एकही झाड पडलं नाही.

सोमवारी वडिलांनी जंगल खात्यात अर्ज दिला. अर्ज पोचला की काम थांबतं असं त्यांना वाटत होतं, म्हणून आम्ही पुन्हा गेलो नाही. काम थांबलं नाही. गुरुवारी बाई रिकाम्या हाताने आली. आम्ही धरून ठेवलेली तिन्ही झाडं गेली होती. शेवटी पाड्यावरच्या बायका पोरंबाळं घेऊन झाडांखाली बसल्या, तेव्हा कुठे दहाबारा ऐन वाचले.

महिन्याने अर्जाला उत्तर आलं, की वाळलेली झाडं नियमानुसार काढण्यात आली आहेत. खुणा करायला आणखी दोन महिने तो साहेब थांबला असता तर त्याला पालवी दिसली असती. सोमवारी आम्ही गेलो असतो तर आणखी काही झाडं उभी राहिली असती, हेही मला टोचतं.

त्या साहेबांना बढती मिळाल्याचं वडिलांनीच मला सांगितलं. जेवताना, मान खाली घालून.