चार बोटं जागा

कडगंचीच्या फाट्यावरच्या त्या टायरवाल्याचं नाव मी विचारलं नाही. व्हॅनला मोठी चाकं बसवायची हौस मला आली होती. त्यानं एक नवं चाक पुढं लावलं, तर ते छान बसलं. मग त्यानं शेजारच्या टपरीवरून सात माणसं बोलावून माझ्या गाडीत बसवली. कामून म्हणून कुणी विचारलं नाही. हातातल्या चहासकट सगळे सवयीनं चढले.

स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून तो गुडघ्यावर बसला आणि टायर व मडगार्डच्या मधे चार बोटं घालायला गेला. दोनच गेली.

"न्हाई जमत, अण्णा. जुन्याच साईजचे घाला."

मला राग आला. "आत्ता तर बसला होता की."

"रिकाम्या गाडीला कोणताबी टायर बसतो."

फडक्यानं एकेक बोट पुसत तो खाली बघून बोलला, "भावाच्या गाडीला मीच मोठे बसवले. रिकामी गाडी मोजली. वऱ्हाड घेऊन जायलता. वळणावर टायर घासला आन् फुटला."

गाडीतली माणसं उतरली. त्यांनी हे रोजच ऐकलं असणार.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आता तर नीट मोजता ना."

"व्हय. आता मोजतो."

मी जुन्याच साईजचे टायर घालून निघालो. आरशात पाहिलं, तर तो अजून तिथंच गुडघ्यावर होता. समोर गाडी नव्हती, तरी चार बोटं तशीच धरलेली होती.