काळ्या लोकरीचा दोरा

माझे वडील सांगलीला वकील आणि नवरा सातारा जिल्ह्यात सबजज्ज. बाळंतपण आटोपून मी सासरी निघाले तेव्हा त्या दोघांचा वाद टांग्यापर्यंत चालला होता. नुकतंच सांगली संस्थान विलीन झालं होतं आणि आता कोर्टं कशी असावीत, यावर जो तो बोलत होता. वडील म्हणत, बेचाळीसच्या चळवळीत गावोगावच्या पंचांनी देवळाच्या ओवरीवर बसून एका बैठकीत तंटे मिटवले. न्यायाधीशानं तसं लोकांत मिसळायला हवं. हे म्हणत, मिसळला की तो कुणाचा तरी होतो. हे कुणाच्या लग्नाला जात नसत, कुणाकडचा तिळगूळही घेत नसत. मला त्या सोवळेपणाचा अगदी वीट आला होता.

आमचं बिऱ्हाड कोर्टाच्या मागच्या अंगाला, मध्ये एक लिंबाचं झाड. एका दुपारी लेक रडायची थांबेना, म्हणून तिला घेऊन मी अंगणात फिरत होते. झाडाखाली बसलेली एक धनगर बाई उठून जवळ आली. तिचं कपाळ कुंकवाविना मोकळं होतं, त्यामुळे तान्ह्या बाळाला हात लावायला बिचकत होती. मला कसंतरी झालं आणि मीच लेक तिच्या हातांत दिली. लेक गप्प झाली. रिकाम्या हातानं बाळ पाहू नये, म्हणून बाईनं कनवटीला खोचलेली, स्वतः कातलेली काळी लोकर काढली, दोरा वळला आणि लेकीच्या मनगटाला बांधला. कोर्टाच्या आवारात बसलेलं माणूस कुठल्या तरी दाव्यातलं असणार, एवढं साधं मला त्या वेळी सुचलं नाही.

संध्याकाळी यांनी दोरा पाहिला आणि विचारलं. मी सांगितलं तसा यांचा चेहरा उतरला. बाईचा दावा यांच्यासमोरच होता. सामाईक विहिरीवरची तिची पाण्याची पाळी दिरानं बंद केली होती, शेत वाळत होतं आणि दुसऱ्याच दिवशी शेवटची सुनावणी होती. हे म्हणाले, उद्या भर कोर्टात सांगावं लागेल. दिरानं तशी मागणी केली तर दावा दुसऱ्या न्यायाधीशाकडे जाईल, पुन्हा पहिल्यापासून. मी भडकले. एका दोऱ्यापायी त्या बाईचं शेत करपवणार का, असं तोंडावर विचारलं.

"लपवून दिलेला निकाल तिच्या तरी काय कामाचा?" एवढंच हे म्हणाले.

मी रागानं दोरा काढून कुंकवाच्या करंड्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मी कोर्टाच्या मागच्या खिडकीशी उभी राहिले. यांनी सगळं सांगितलं. माझं नाव न घेता, आपल्याच घरची चूक म्हणून. दिराचा वकील त्याच्या कानाशी लागला होता. दीर त्याला हातानं बाजूला सारून उठला.

"दोरा पोरीला बांधलाय, सायेब, तुमास्नी न्हाई. तुमीच निकाल द्या."

बाईनं पदरात तोंड लपवलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. बाईला तिची पाळी मिळाली. दिराचा वकील व्हरांड्यातच अपिलाची भाषा करू लागला, तर दीर त्याला म्हणाला, "हरलो, ते दिसतंय की. पर ज्यानं घरातला दोरा बी लपवला न्हाई, त्यानं माजं म्हननं बी दाबलं नसंल. अपील न्हाई करायचं."

मी वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं. कोर्ट सुधारायच्या गप्पा पुन्हा निघतील तेव्हा आधी या दिराला बोलवा, असं शेवटी लिहिलं.

अपिलाची मुदत सरली त्या संध्याकाळी यांनी आपण होऊन विचारलं, तो दोरा कुठे आहे. मी करंडा पुढे केला. कुंकवानं दोरा जागोजागी लाल झाला होता. यांनी तो लेकीच्या मनगटाला बांधायला घेतला, पण जन्मात कधी बाळाला दोरा बांधला नव्हता. गाठ मलाच मारावी लागली.