रामकिसनचा एक जीबी

रामकिसन म्हणजे श्वाससुद्धा तोलून घेणारा गडी. टेंभुर्णीच्या जिनिंगवर कापसाच्या काट्यापाशी तीस वर्षं बसला, पण कुणाला पावशेराची सूट दिली नाही. २००८ साली त्याच्या घरी इंटरनेट आलं. महिन्याला एक जीबी, वर गेलं की जादा बिल. भिंतीपलीकडच्या थोरल्या भावानं, तातेरावांनी, अर्धा खर्च उचलला आणि भिंतीवरून वायर नेली. त्यांची लेक दुबईत बाळंत झाली होती. तिनं पाठवलेले फोटो पाहायचे, एवढंच त्यांचं काम.

पण विसाव्या तारखेलाच जीबी संपायला लागला. झालं! रामकिसन भावावर पाळत ठेवून बसला. कंपनीच्या पानावर दोन्ही घरांचा मिळून एकच आकडा दिसे. तो बघायचा म्हणून यानं कॉम्प्युटर बंद करणंच सोडलं. जेवणाआधी आकडा, जेवणानंतर आकडा. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

"दादा, सिनेमे पाहून राह्यले का तिकडं?"

"नातीचे दोन फोटो पाहतो रे."

"दोन फोटोत जीबी जातो व्हय? मी काट्यावरचा माणूस हाय. मला नका शिकवू."

"म्हंजी मी चोर?"

"आकडा सांगून राह्यला, मी न्हाई."

रामकिसननं तिथल्या तिथं वायर कापली. दुसऱ्या दिवशी बारशाचे फोटो येणार होते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

वायर तुटली, तरी आकडा वाढतच राहिला. चौथ्या दिवशी रामकिसननं जाफराबादहून मेकॅनिक बोलावला.

"काका, मशीन चोवीस तास चालू ठेवता? चालू असलं की ते पहिल्यापासूनच आपोआप अपडेट उतरवून घेतं, आता तर दिवसरात्र. सगळा डेटा हेच खाऊन राह्यलंय."

मेकॅनिक गेला. बायको, उषाबाई, चुलीपासून उठून आली. "काय म्हणला? पलीकडच्या भायांनीच खाल्ला ना?"

रामकिसननं कॉम्प्युटर बंद केला. "त्यांनीच."

तेवढ्यात भिंतीवरून हाक आली. तातेराव जालन्याच्या सायबर कॅफेतून फोटो छापून घेऊन आले होते. "रामकिसन, राग सोड. नात तर बघ!"

थोरल्या दिरासमोर उषाबाईचा पदर कधी ढळला नव्हता. आज ती तरातरा अंगणात गेली. "चोऱ्या करायच्या, अन् वर नातीचं कौतुक! लाज वाटत न्हाई का म्हातारपणी?"

रामकिसन आतच बसून राहिला. तिला गप्प करायला त्याचं एक वाक्य पुरलं असतं. त्यानं उठून दार लावून घेतलं.